वाऱ्याच्या पंचांगाने बुडवलेला जलमार्ग

सिरोंचा एके काळी जिल्ह्याचे ठाणे होते, हे आज गडचिरोलीतल्या माणसालाही सांगावे लागते. महाराष्ट्राच्या नकाशात पूर्वेच्या टोकाच्या अगदी खालच्या भागात, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे हे गाव आहे. समोरच्या काठावर कालेश्वर, म्हणजे तेलंगण. थोडे खाली गेले की इंद्रावती येऊन मिळते आणि तिच्यापलीकडे छत्तीसगड. १८६० नंतर इंग्रजांनी या गावात ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या नव्या जिल्ह्याची कचेरी थाटली. त्या वेळी इथे ना मोठी पेठ होती, ना पक्का रस्ता, ना दाट वस्ती. काठावर मूठभर घरे आणि मागे कोसच्या कोस सागाचे जंगल. तरीही इथे डेप्युटी कमिशनर बसवला, कारण समुद्रावरून बोटी येणार होत्या.

बंगालच्या उपसागरातून गोदावरीच्या मुखात शिरायचे, राजमहेंद्रीवरून वर यायचे, पापी कोंडलूची घळ ओलांडायची, भद्राचलम मागे टाकून सिरोंचा गाठायचे. तिथून प्राणहितेने उत्तरेला आणि पुढे वर्धा नदीने थेट वऱ्हाडच्या कापसापर्यंत पोचायचे, असा हा बेत. कोणा हौशी माणसाने दिवाणखान्यात बसून रंगवलेले चित्र नव्हते ते. धवळेश्वरमचा बंधारा बांधून गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचे नशीब पालटणाऱ्या आर्थर कॉटन यांची ही योजना होती. बंधाऱ्याचे काम १८४७ मध्ये सुरू झाले आणि १८५२ मध्ये पुरे झाले. आंध्रात आजही त्यांचे पुतळे आहेत, लोक त्यांना हार घालतात. अशा माणसाने ‘नदी वरपर्यंत खुली करता येईल’ म्हटले, तर मद्रासपासून लंडनपर्यंत कोण नाही म्हणणार?

कॉटन यांचा रेल्वेवर राग होता असे म्हटले तरी चालेल. हिंदुस्थानला लोखंडी रुळांपेक्षा पाण्याच्या वाटा हव्यात, पाण्यावरून माल रेल्वेच्या खर्चाच्या काही अंशात जातो, आणि तेच पाणी शेतालाही देता येते, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. पार्लमेंटच्या समितीपुढेही त्यांनी तेच सांगितले. आकडेमोड त्यांच्या बाजूची होती. सिरोंचा समुद्रापासून नदीमार्गे चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम सव्वाशे मीटर. इतका सौम्य उतार असलेली नदी फार आत, थेट देशाच्या पोटात शिरते. त्यात प्राणहिता ही गोदावरीची सर्वांत मोठी उपनदी. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा या साऱ्यांचे पाणी ती एकटी घेऊन येते. गोदावरीच्या खोऱ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुलूख तिचा आहे. कागदावर पाहिले तर निसर्गाने कालवा खणूनच ठेवला होता, माणसाने फक्त तो साफसूफ करायचा होता.

साफसूफ करायच्या जागा तीन होत्या. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमारी. प्राणहिता-गोदावरीचे खोरे हा फार जुना खचलेला पट्टा आहे, वायव्येकडून आग्नेयेकडे लांबट पडलेला. त्यात गोंडवाना काळातले वालुकाश्म आणि कोळसा भरलेला. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा आणि सिरोंचाजवळ कोटा, वडधम भागात सापडलेले डायनासोर व झाडांचे जीवाश्म, सारे याच पट्ट्यातले. मऊ खडकावर नदी पसरट आणि शांत वाहते, वाळूची बेटे करते. पण जिथे कठीण खडकाच्या पट्ट्या आडव्या येतात तिथे ती फुटते. पाण्यातून काळे दगड वर येतात, प्रवाह दहा वाटांनी धावतो, आणि उन्हाळ्यात पात्रातून माणूस दगडावरून दगडावर पाय ठेवत पलीकडे जातो. खालून वर येताना पहिला अडसर भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर, आजच्या अहेरी तालुक्यातल्या देवलमारीला. कॉटन यांचे तरुण सहकारी एफ. टी. हेग यांनी नदीची पाहणी करून १८५६ मध्ये अहवाल दिला. प्रत्येक अडसराला वळसा घालणारा कालवा आणि त्यात लॉक, हा त्यावरचा उपाय.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली दगडी पेटी. खालची बोट आत घ्यायची, मागचे दार लावायचे, वरच्या बाजूचे पाणी हळूहळू आत सोडायचे. पाणी चढते तशी बोट चढते. वरच्या पातळीला आली की पुढचे दार उघडायचे. ना इंजिन लागते, ना बैल. पाण्याच्याच बळावर शेकडो खंडी माल उचलला जातो. दुम्मागुडेमचा बंधारा आणि कालवा हेग यांनी उभा केला, आणि तो बंधारा आजही उभा आहे. दीडशे वर्षांचे पूर खाऊन टिकलेल्या बांधकामाला कच्चे म्हणता येत नाही. फसले ते बांधकाम नव्हे.

आधी या मुलखात सत्ता कशी आली ते थोडक्यात सांगायला हवे, कारण नदीचा बेत आणि राज्याचा बेत एकमेकांत गुंतलेले होते. १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारसाशिवाय वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. त्यात चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, आला. त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाड घेतले गेले. कापूस पिकवणारी काळी जमीन आणि तिच्यापासून समुद्राकडे जाणारी नदी, दोन्ही एका वर्षात इंग्रजांच्या हाती लागली. पण नदीचे पात्र गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी मोकळे नव्हते. १८५८ च्या उन्हाळ्यात मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी गोंड-माडियांची फौज उभारून चांद्याचा दक्षिण भाग पेटवला. २९ एप्रिल १८५८ रोजी अहेरी जमीनदारीतल्या चिंचगुंडीला तारायंत्राच्या कामावरच्या छावणीवर हल्ला झाला. तिथले गार्टलंड आणि हॉल हे दोघे कर्मचारी मारले गेले. शेवटी बाबुरावांना पकडून २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. आज त्या तुरुंगाच्या आवारातले पिंपळाचे झाड लोक दाखवतात.

याचा नदीशी संबंध असा की बंडानंतर इंग्रजांना दोन्ही काठांवर पकड हवी झाली. डिसेंबर १८६० च्या तहात त्यांनी निजामाकडून गोदावरी आणि वैनगंगेच्या डाव्या काठचा मुलूख मागून घेतला आणि या नद्यांवरच्या मालाला जकात लागणार नाही असे कलम घातले. बदल्यात रायचूर दोआब आणि धाराशिव परत केले. सिरोंचा, नुगूर, अल्बाका, चेरला, भद्राचलम, रेकापल्ली अशा नदीकाठच्या तालुक्यांचा लांबलचक जिल्हा तयार झाला. नकाशात तो जिल्हा दिसतो कसा, तर नदीच्या कडेने सोडलेल्या नाडीसारखा. शेती, भाषा, जात, बाजार, कशाचाच विचार करून तो आखलेला नव्हता. तो जलमार्गाच्या सोयीसाठी आखला होता. डेप्युटी कमिशनर म्हणून कॅप्टन ग्लासफर्ड आले. बस्तरवरचा त्यांचा अहवाल अभ्यासक अजून वाचतात.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या धापा टाकू लागल्या. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना एकाएकी हिंगणघाट कुठे आहे हे कळले. हिंगणघाटचा लांब धाग्याचा कापूस त्या काळी नावाजलेला होता. तोवर तो बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल उत्तरेला मिर्झापूरपर्यंत जाई, वाटेत धूळ खाई, पावसात भिजे. गोदावरीचा जलमार्ग झाला तर हाच कापूस बोटीतून सरळ समुद्रावर. त्याच वर्षी मध्य प्रांत स्थापन झाला आणि १८६२ मध्ये आलेले चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी कामाला पाठबळ दिले. पैसा आला, गोरे इंजिनियर आले, वाफेवर चालणाऱ्या लहान बोटी आल्या. हिवताप तिथे आधीपासूनच होता.

आणि इथेच घोडे पेंड खाते. इंजिनियरांनी दगड मोजला, उतार मोजला, पुराची पातळी मोजली. वाऱ्याचा हिशोब मात्र कोणी नीट मांडला नाही. तसा मांडायला सरकारात खातेही नव्हते. हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ मध्ये सुरू झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. तोवर या जलमार्गाचा पुरता निकाल लागलेला होता.

हा हिशोब आता मांडून पाहू. चांदा-सिरोंचाच्या मुलखात वाऱ्याचे तीन हंगाम. होळीनंतर उष्ण, कोरडा वारा सुटतो. सागाची पाने आधीच गळालेली असतात, जमिनीवर त्यांचा गुडघाभर चुरचुरता थर असतो आणि एखादी ठिणगी पडली की वणवा मैलोगणती धावतो. पारा ४५ अंशांच्या वर जातो. याच दिवसांत, पहाटे, मोहाची फुले वेचायला बायका टोपल्या घेऊन निघतात. नदी तेव्हा वाळूच्या मधून वाहणारी एक धार उरलेली असते. मृग लागला की वारा फिरतो. विदर्भात मोसमी पाऊस पुष्कळदा याच दारातून, गडचिरोली-चंद्रपूरमार्गे शिरतो. मग आश्विनपर्यंत पश्चिम-नैऋत्येचा वारा. दसरा-दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा फिरतो, ईशान्येचा कोरडा वारा सुरू होतो आणि आकाश काचेसारखे स्वच्छ होते.

आता नाव कुठून कुठे जायची? समुद्राकडून सिरोंचाकडे, म्हणजे आग्नेयेकडून वायव्येला. बोटीला पुरेल असे पाणी फक्त पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे. पण त्याच दिवसांत वारा पश्चिमेचा, म्हणजे वर चढणाऱ्या नावेच्या तोंडावर. वरून पुराचा लोंढा समोरून आणि वाराही समोरून. शिडाचा उपयोग शून्य. किनाऱ्याकडून आत वाहणारा वारा उन्हाळ्यात मिळतो खरा, पण तेव्हा दुम्मागुडेमच्या वर नदीत पाणी कुठे असते? म्हणून वाफेच्या बोटीला पर्याय नव्हता. पुराच्या प्रवाहाविरुद्ध वाफेची बोट चालवायची तर इंधन भरमसाट, आणि बोट उथळ तळाची हवी म्हणजे माल थोडका. कॉटन यांच्या स्वस्त वाहतुकीच्या हिशोबाला इथेच पहिले भगदाड पडते.

दुसरे भगदाड कापसाचे. कापूस वेचणीला येतो तो दसऱ्यानंतर. वेचणी संपून, सरकी काढून, गासड्या बांधून माल हिंगणघाटच्या बाजारात उभा राहतो तेव्हा पौष-माघ उजाडलेला असतो. नदी तोवर आटलेली. म्हणजे माल कोठारात ठेवून पुढच्या आषाढाची वाट पाहायची आणि मग भर पावसात, ओलसर हवेत, उघड्या बोटीतून कापूस न्यायचा! व्यापारी इतका वेडा नसतो. जो वारा फिरल्यावर बोंडे फुटतात, तोच वारा नदी बंद करतो. कापूस आणि नदी, दोघे एकाच मोसमाची लेकरे, पण एकाचा हंगाम संपतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू होतो. यावर एकच उतारा होता: वरच्या खोऱ्यांत मोठे जलाशय बांधून उन्हाळ्यात पाणी सोडायचे. त्याचा खर्च धरला की स्वस्त जलमार्ग स्वस्त उरत नव्हता.

समुद्राच्या टोकालाही वाऱ्यानेच धुमाकूळ घातलेला होता. गोदावरीच्या मुखावर कोरिंगा नावाचे बंदर होते, जहाजबांधणीसाठी नाव कमावलेले. १७८९ च्या चक्रीवादळात समुद्र आत शिरला आणि गाव धुऊन निघाले. ते सावरत होते तोच २५ नोव्हेंबर १८३९ रोजी तेच पुन्हा झाले. कोरिंगा त्यातून उठले नाही, बंदराचे महत्त्व काकिनाड्याकडे गेले. हेग यांचे काम वर ऐन भरात असताना, १ नोव्हेंबर १८६४ रोजी दक्षिणेला मछलीपट्टणवर वादळ आदळले. सुमारे ३० हजार माणसे दगावली असे मानतात. जलमार्गाचे वरचे टोक वाळूत रुतलेले आणि खालचे टोक वादळाच्या वाटेवर.

हीच वादळे आणि त्यांची पावसाळ्यातली धाकटी भावंडे, म्हणजे कमी दाबाचे पट्टे, सिरोंचाचा पूरही ठरवतात. नदी वायव्येकडून आग्नेयेला वाहते. उपसागरात तयार झालेला पट्टा ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत शिरून पश्चिम-वायव्येला सरकतो, म्हणजे जवळजवळ नदीच्या उलट. अशा पट्ट्याचा सर्वांत जोराचा पाऊस त्याच्या नैऋत्य भागात पडतो, आणि पट्टा छत्तीसगडावर असताना तो भाग येतो बस्तर, गडचिरोली आणि उत्तर तेलंगणावर. इंद्रावती, प्राणहिता आणि गोदावरी एकाच वेळी भरतात आणि एकमेकींना तुंबवतात. भद्राचलमला १६ ऑगस्ट १९८६ रोजी पाणी ७५.६ फुटांवर गेले होते. जुलै २०२२ मध्ये ७१ फूट ओलांडले, आणि सिरोंचा तालुक्यातली कित्येक गावे रिकामी करावी लागली.

इंग्रज येण्याआधी आणि गेल्यानंतरही या नदीवरून माल जात होताच. फक्त तो वाऱ्या-पाण्याचे ऐकून जात होता. तो माल म्हणजे साग. ताजा तोडलेला हिरवा साग पाण्यात बुडतो, हे जंगलातल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि वरचे लाकूड गोल खाचून ते उभेच वाळवायचे, किंवा तोडून उन्हाळाभर वाऱ्यावर ठेवायचे. लाकूड हलके करायचे काम तोच फाल्गुन-चैत्राचा कोरडा वारा करतो. तरीही जड राहिले तर ओंडक्यांच्या मध्ये बांबूच्या जुड्या बांधायच्या. मग पावसाळ्यात नदी भरली की तराफे प्रवाहात सोडायचे. चढायचे नाही, फक्त उतरायचे. खालच्या बाजूला राजमहेंद्रीला साग विकायचा आणि माणसांनी पायी परतायचे. उतरताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो. लॉक नको, कालवा नको, दुम्मागुडेमच्या दगडांतून भर पुरात वाट काढणारा अनुभवी माणूस हवा. काठाकाठाने ढिवरांचे डोंगे होते, एका खोडातून कोरलेले. ते माणसे उतरवायला आणि मासे धरायला. डोंग्याचा नावाडी पूर पाहून ‘आज नाही’ म्हणू शकतो. सरकारच्या वेळापत्रकाला ते म्हणता येत नाही.

शेवट मात्र नदीवर झाला नाही, जमिनीवर झाला. १८६५ मध्ये अमेरिकेतली यादवी संपली आणि कापसाचा भाव कोसळला. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे मुंबईहून नागपूरला पोचली. वऱ्हाडचा कापूस आता माघातच गाडीत चढू लागला, मुंबईला उतरू लागला. त्याला गोदावरीची गरज उरली नाही. इंचमपल्लीचे काम अर्धेमुर्धे झाले होते, देवलमारीचे त्याहून कमी. १८७१ मध्ये सरकारने काम बंद केले. पुढे वर्ध्याहून हिंगणघाट-वरोऱ्याकडे रेल्वेचा फाटा आला तो वरोऱ्याच्या कोळशासाठी. काम थांबल्यावर तीन वर्षांनी, १८७४ मध्ये, अप्पर गोदावरी जिल्हाच मोडीत निघाला. भद्राचलम आणि रेकापल्ली मद्रास इलाख्याकडे गेले, सिरोंचा चांदा जिल्ह्याचा एक तालुका झाला. हेग यांनी दुम्मागुडेमला कोयांमध्ये मिशनचे काम सुरू केले होते, ते मात्र टिकले. पुढे जनरल होऊन निवृत्त झालेले हेग मिशनच्याच कामासाठी अरबस्तान फिरले.

माझ्या मते कॉटन यांना नुसते स्वप्नाळू म्हणणे अन्यायाचे आहे. खाली त्रिभुज प्रदेशात त्यांचे तर्क खरे ठरले होते, कारण तिथे पाणी हवे होते ते पिकाला आणि पाऊस पडतो त्याच दिवसांत. तिथले यश त्यांनी जसेच्या तसे चारशे किलोमीटर वर नेले. तिथे नदी तीच होती, पण हंगाम वेगळा होता आणि गिऱ्हाईकही वेगळे होते.

विसाव्या शतकात त्याच खडकांकडे पुन्हा नजर वळली, या वेळी विजेसाठी आणि सिंचनासाठी. इंचमपल्लीला मोठे धरण आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणमला दुसरे, अशी योजना आली. गोदावरी पाणीतंटा लवादाचा निवाडा १९८० चा. बुडीत क्षेत्रात जाणार होते ते सिरोंचा, अहेरी, भामरागडकडचे जंगल आणि माडिया-गोंडांची गावे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘जंगल बचाव, मानव बचाव’ या घोषणेखाली आदिवासी रस्त्यावर आले, बाबा आमटे त्यांच्यासोबत उभे राहिले. धरणे झाली नाहीत. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाच्या ग्रामसभेच्या पुढच्या वाटचालीत या आंदोलनाचा वाटा आहे, आणि हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या इतिहासातले, माझ्या समजुतीप्रमाणे, सर्वांत दूरगामी ‘नाही’ आहे.

तिसरा प्रयत्न आपल्या डोळ्यांसमोरचा. सिरोंचाच्या खाली गोदावरीवर तेलंगण सरकारने मेडीगड्डा बंधारा बांधला. उद्घाटन २१ जून २०१९ रोजी झाले. पाणी साठवून ते पंपांनी उलट दिशेला, वर चढवायचे, असा हा कालेश्वरम प्रकल्प. २०२२ च्या जुलैत त्याचे पंपघर पुराखाली गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांब खचले. बंधाऱ्याच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातली काठची शेते पाण्याखाली जातात, ही तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार, आणि भरपाईसाठी त्यांची आंदोलने वर्षानुवर्षे चालू आहेत. नदीच्या उलट वर चढण्याचा हट्ट मात्र १८५६ पासून आजपर्यंत तसाच आहे.

नदीकाठचे लोक दरम्यान आपापल्या रीतीने राहत आले. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. आषाढ-श्रावणात पर्लकोटेचा जुना पूल पाण्याखाली गेला की भामरागड आणि पलीकडची शंभराहून अधिक गावे बाहेरच्या जगापासून तुटतात, बेट होऊन बसतात. लोक आधीच धान्य, मीठ, तेल, औषध भरून ठेवतात. आजाऱ्याला डोंग्यातून न्यायचे की पाणी उतरायची वाट पाहायची, हे घरातले आणि नावाडी मिळून ठरवतात. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये इथेच सुरू झाला, तेव्हाही पावसाळ्याचे गणित हेच होते. आता नवे, उंच पूल होत आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. कुणाला निसर्गाशी जुळवून घेण्याची कौतुके करायची असतील तर त्याने आधी एका पावसाळ्यात भामरागडला तापाचे पोर घेऊन राहून पाहावे.

सिरोंचालाही आता प्राणहितेवर आणि गोदावरीवर पूल आहेत. अप्पर गोदावरी जिल्ह्याची खूण म्हणून फारसे काही उरलेले नाही. दुम्मागुडेमचा बंधारा मात्र कामात आहे, तेलंगणाच्या सिंचन योजनांसाठी. अलापल्लीचा साग आता ट्रकने बल्लारपूरला जातो. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये इथलेच लाकूड रवाना झाले, तेही रस्त्याने. ज्या रेल्वेने गोदावरीचा जलमार्ग मोडीत काढला, ती दीडशे वर्षांनंतरही सिरोंचाला पोचलेली नाही. सिरोंचातून गाडी पकडायची असेल तर प्राणहितेचा पूल ओलांडून तेलंगणातल्या मंचेरियालला जावे लागते.